पट्टी कोणत्या हाताला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुरुषाला स्वयंपाक येत नाही असं ज्याला वाटतं, त्याने रोडगे पाहिलेले नाहीत. कापूस घरात आला की थंडीत कुणाच्या ना कुणाच्या वावरात रोडग्यांचा बेत ठरतो, आणि तिथे बायकांना काम नसतं. बनियनवर आलेले बाप्ये जाडसर कणकेचे थरावर थर देऊन गोळे वळतात, गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, भल्यामोठ्या गंजात वांग्याची भाजी चढवतात आणि मिठावरून भांडतात. मग राख झटकून, रोडगा हातावर फोडून, त्यात तुपाची धार सोडत बायकांच्या पंगतीत आग्रह करत हिंडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी यातला एकही जण स्वतःच्या घरात हळदीचा डबा दाखवू शकत नाही.

हे सगळं गाव पाहत आलं होतं. पण इतरांनी पाहून सोडून दिलं आणि शेवंतामायने पाहून ठेवलं.

बोरी अरबहून पुढे एका फाट्यावर एस.टी. सोडते, तिथून आत आमचं गाव. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथले पुरुष अजून माझ्याशी बोलतात. मी नगरकडचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली आणि बौद्धपुऱ्यात शेवंतामायच्या घराची पुढची खोली भाड्याने मिळाली. खोलीत सामान लावून मी स्टोव्हवर खिचडी टाकली होती. एवढ्यात दाराची कडीही न वाजवता एक नऊवारीतली बाई आत आली, सरळ पातेल्यापाशी गेली, झाकण उचललं, वास घेतला आणि म्हणाली, "पानी कमी पडलं."

ही माझी आणि शेवंतामायची ओळख.

झाकण उचलणं ही तिची जन्माची खोड. गावात अशी चूल नव्हती जिच्यावरचं झाकण तिने उचललं नव्हतं. चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला, कमरेला सुपारीची पिशवी, त्यात अडकित्ता. चालताना गुडघे कुरकुरायचे, म्हणून ती येताना कळायचं. पण कळून काही उपयोग नसायचा. झाकण उचललं की घरात कोण आजारी आहे, कुणाचं कुणाशी भांडण झालंय, कोण रुसून जेवलेलं नाही, हे सगळं तिला त्या वाफेत दिसायचं. लोक वैतागायचे. पण आठवडाभर ती फिरकली नाही तर निरोपही पाठवायचे.

तिचा दुसरा नियम त्याहून छळवादी. कुणाकडे जेवायला बसली की जिने रांधलं ती ताट घेऊन शेजारी बसल्याशिवाय माय घास उचलत नसे. "तुम्ही व्हा पुढं, मी मागून बसीन," असं घरधनीण म्हणाली की माय हात मांडीवर ठेवून बसून राही. वरण थंड होई, पाहुणे खोळंबत, पोरं रडत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तिने एकदा आचाऱ्याला बोलावून घेतलं होतं. तो बिचारा नागपूरचा, काही चुकलं की काय या भीतीने हात जोडतच आला. मायने त्याला शेजारी बसवून बुंदी वाढली.

"मले कोनाचं राज्य नाही पायजे," ती म्हणायची. "ना बायायचं, ना बाप्यायचं. मले संध्याकाळी सगळ्यायच्या पोटात भाकर पायजे. अन् करनारी बी बसून जेवलेली पायजे. बस. एवढं झालं का गाव नीट चालते."

ऐकायला फार मोठी मागणी वाटत नाही. पण तिच्याच घरात ती पुरी होत नव्हती.

तिची सून रंजना. अंगाने काटक, बोलायला कमी, कापूस वेचण्यात गावात पहिली. तिच्या गर्भाच्या पिशवीत गाठ निघाली होती. महिन्यातले कितीतरी दिवस अंगावरून जायचं, चेहरा पांढराफटक पडायचा. एकदा ती कापसाच्या ओळीतच खाली बसली ती उठेना. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की ऑपरेशन करा आणि नंतर दीड महिना वाकायचं नाही, पाणी उचलायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी आल्यावर तारीख पुढे ढकलली. आधी पेरणी आली, मग निंदण, मग वेचणी, मग नणंदेच्या पोरीचं लग्न. खरं कारण एकच होतं आणि ते रंजना स्वतःच सांगायची: "मी पडली तं भाकर कोन करन?"

मायचे गुडघे गेलेले, ती चुलीपुढे बसू शकत नव्हती. नात प्रज्ञा यवतमाळला समाजकार्याच्या कॉलेजात, होस्टेलवर. राहिला प्रल्हाद, मायचा मुलगा. प्रल्हाद वाईट नव्हता. बायकोवर जीव होता, दारू नव्हती, आवाज चढत नव्हता. तो फक्त जेवायला बसलेला होता, आणि लहानपणापासून बसलेलाच होता. मौज म्हणजे रोडग्यांत त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. लोक त्याला दुसऱ्या गावाहून बोलवायला यायचे.

मायने त्याला आधी सरळ सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, "माय, मले थे जमत नाही." रागाने नाही, खेदाने म्हणाला. मला पाऊस पाडता येत नाही, असं सांगावं तसं.

एका संध्याकाळी सुपारी कातरता कातरता ती मला एवढंच म्हणाली, "सर, माही माय बाळंतीण होती. चारच दिवस झालते. मागं भाकर करनारं कोनी नव्हतं, म्हनून उठली. मंग निजली थे निजलीच." अडकित्ता थांबला. "रंजीले मी तशी जाऊ देनार नाही."

त्या दिवशी मला कळलं की ही म्हातारी जे करते ती गंमत नाही. ती गंमत करून करते, एवढंच.

पहिल्यांदा तिने माझा उपयोग केला. रोज संध्याकाळी ती कुणाला तरी धरून माझ्या दारात आणायची. "पाहा. मास्तर मानूस हाय. हातपाय शाबूत हायत. मिशा हायत. अन् वांगे चिरून राह्यला." लोक दारात उभे राहून पाहायचे. मी लाजेने वांगी बारीक चिरायला लागलो. पण त्याचा परिणाम उलटाच झाला. लोकांनी निष्कर्ष काढला की सरांचं लग्न जमत नसणार, आणि मला दोन स्थळं आली.

"तुमी बाहेरगावचे," माय म्हणाली, "तुमचं कोनी मनावर नाही घेत. गावातलाच पायजे. अन् वजनदार पायजे."

वजनदार म्हणजे गुलाबराव. गावचे माजी सरपंच, पंचवीस एकराचे धनी, धोतराची इस्त्री कधी न मोडलेले. त्या वर्षी त्यांची मंडळी वारली होती. मुलगे-सुना पुण्यात. गुलाबरावांनी स्वयंपाकाला बाई ठेवली, ती टिकली नाही, कारण ते तिच्याशी ग्रामसभेत बोलावं तसं बोलायचे. मग ते बरोबर जेवणाच्या वेळी कुणाच्या तरी ओसरीवर राजकारणाची चर्चा करायला जाऊ लागले. सगळं गाव समजून होतं, पण बोलत नव्हतं. दिल्लीचं सरकार पडणार की राहणार हे ठरेपर्यंत आतून ताट यायचं. धोतर मात्र सैल पडत चाललं होतं.

कुणीही म्हणालं असतं, त्यांना डबा द्या. माय म्हणाली, "डबा कायले? डबा देल्ला का मानूस डब्याचाच होते."

एका सकाळी ती उजव्या हाताला पट्टी गुंडाळून, डाव्या काखेत पिठाचं गाठोडं मारून गुलाबरावांच्या ओसरीवर हजर झाली. त्या ओसरीखाली तिची सासू सुगीच्या दिवसांत पदर पसरून उभी राहायची, आणि धान्य वरून पडायचं. आता त्या सासूची सून, म्हणजे माय, पायऱ्या चढून वर गेली आणि गाठोडं सरळ चौरंगावर ठेवलं.

"भाऊ, हात भाजला माहा. रंजी वावरात गेली. एवढ्या दोन भाकरी थापून द्या."

"मी?" गुलाबराव म्हणाले.

"मंग काय हे धोतर थापन?"

हा संवाद मला गुलाबरावांनीच पुढे सांगितला, त्यामुळे त्यात त्यांच्या बाजूने काही वाढवलं असेल तर वाढवलं असेल. ते म्हणाले, नाही म्हणायला तोंड उघडलं, पण बाईमाणसाचा हात भाजलेला, ती आपल्या दारात आलेली, आणि पहिल्यांदाच आलेली. नाही कसं म्हणायचं? पहिली भाकर तव्यावर जाण्याआधीच तुटली. दुसरीचा आकार त्यांच्या शेताच्या नकाशासारखा झाला, एका बाजूने नाल्याने खाल्लेला. मायने तिथेच बसून ती खाल्ली. अर्थात आधी त्यांना शेजारी बसवलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली. मग रोजच येऊ लागली.

"एक गोष्ट ध्यानात आली माह्या," गुलाबराव मला म्हणाले. "पट्टी कधी उजव्या हाताले राहे, कधी डाव्या."

"मग तुम्ही विचारलं नाहीत?"

"तोवर भाकर फुगाले लागलती, सर. कायले विचारू?"

त्या हिवाळ्यात रोडगे गुलाबरावांच्याच वावरात झाले. अख्खं गाव होतं. प्रल्हाद तुपाचं भांडं घेऊन पंगतीत फिरत होता, चेहऱ्यावर राजासारखं तेज. माय बायकांच्या ओळीत मधोमध बसली होती. तिने रोडगा फोडला, घास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हात म्हंजे हात हाय माह्या पोराचा. अन् घमेंड नाही. कालच म्हने मले, माय, बायायचं चुलीवरचं काम तं सोप्पं हाय. रोडग्याच्या मानानं काहीच नाही. महिना-दीड महिना मी एकटा सांभाळून दाखवतो."

प्रल्हाद जागच्या जागी थांबला. तो असं काहीही म्हणाला नव्हता. तूप मात्र गळतच राहिलं, कुणाच्या तरी लुगड्यावर.

"हो काय जी प्रल्हादभाऊ?" पंगतीतून एकजण म्हणाली. "भाकर थापता येते काय?"

हशा झाला. पुरुषही हसले, आणि तिथेच फसले. कारण आरापाशी खुर्चीत बसलेले गुलाबराव घसा खाकरून म्हणाले, "त्यात काय हाय? भाकर तं मी बी थापतो."

कुणीतरी म्हणालं, थापून दाखवा. आणि काय योगायोग, मायच्या पिशवीत ज्वारीचं पीठ निघालं. परात निघाली. रोडग्यांच्या वावरात तवा कुठून आला ते मला आजवर कळलेलं नाही. गुलाबरावांनी बाह्या सारल्या, पीठ मळलं, थापलं, तव्यावर टाकलं, पाणी फिरवलं, उलटलं. भाकर टम्म फुगली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. गावातल्या जाणत्या पुरुषांच्या चेहऱ्यावर मात्र घरात चोरी झाल्याचा भाव होता.

आता प्रल्हादला मागे हटता येईना. माजी सरपंच धोतरानिशी बसून भाकर थापतो, आणि रोडग्याचा राजा काय तोंड लपवणार? "हाव, म्हनलो मी तसं," तो म्हणाला. "करतो ना. काय फरक पडते?"

"मंग ठरलं," माय म्हणाली. "उद्या जाऊन रंजीची तारीख घे."

रंजना खाली मान घालून बसली होती. तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. हसत होती की रडत होती, मला नक्की सांगता येणार नाही.

पण शब्द देणं वेगळं आणि चुलीपुढे बसणं वेगळं, हे मायला पुरतं ठाऊक होतं. ज्या सकाळी प्रल्हाद रंजनाला घेऊन यवतमाळला गेला, त्या सकाळी माय काठी घेऊन स्वयंपाकघरात शिरली आणि तिने चूल फोडली. मी आवाज ऐकून धावलो तर ती मातीत बसलेली.

"उंदरं लागलते," ती म्हणाली. "पोखरली होती. सर, थे माती उचला अन् बाहेर न्या."

दुपारपर्यंत अंगणात लिंबाखाली नवी चूल उभी राहिली. माती मी कालवली, लिंपली तिने. गॅसची शेगडी होती, पण ती चहापुरती, आणि तीही तिने सिलिंडरसकट बाहेर आणून बाजेशेजारी मांडली. तिखटमिठाचे डबे लिंबाच्या बुंध्याशी आले. मला काहीच समजेना.

"सर, तुमी शिकलेले, तुमाले एवढं नाही दिसत?" तिने हात धुतले. "घरात केलं तं थे बाईचं काम. उघड्यावर केलं तं थे रोडगे. बाप्यायले कामाची लाज नाही, सर. त्यायले छपराची लाज हाय."

आणि तसंच झालं. रंजनाला दवाखान्यात प्रज्ञापाशी ठेवून रात्री आलेल्या प्रल्हादने सकाळी उठून अंगणात चूल पाहिली. इकडे तिकडे पाहिलं. सदरा काढून लिंबाच्या फांदीला अडकवला, बनियनवर बसला आणि जाळ केला. घरात जो माणूस पेला उचलून ठेवत नव्हता, तो आभाळाखाली आला तसा कांदे मागू लागला.

एक चूक मात्र मायच्याही हिशेबात नव्हती. उघड्यावरची चूल पाहून प्रल्हादचे हात आपोआप रोडग्यांकडे वळले. सकाळी रोडगे, संध्याकाळी रोडगे, दुसऱ्या दिवशी पुन्हा रोडगे आणि वांगी. मीही त्याच पंगतीत. आठवडा संपेस्तोवर घरातलं कुणीही सरळ बसू शकत नव्हतं. त्यात रंजना ऑपरेशन नीट पार पडून घरी आली, आणि पहिल्या दिवशी प्रल्हादने मोठ्या प्रेमाने तिच्यापुढे ठेवला तो तुपात बुडवलेला रोडगा. डॉक्टरीणबाईंनी मऊ खायला सांगितलेलं. रंजनाने रोडग्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि टाके धरून ती इतकी हसली की मायने दोघांना दम भरला.

मग गुलाबराव रोज संध्याकाळी येऊन मऊ भात, मुगाचं वरण आणि पातळ कढी शिकवू लागले. शिकवायची पद्धत सरपंचाचीच. आधी ठराव मांडायचे, मग जिरं टाकायचे. त्यांचं बोलणं ऐकायला आणखी चार बाप्ये येऊन बसू लागले. जाळ होता, थंडी होती, राजकारण होतं. माय त्यांच्यापुढे न बोलता लसणाच्या गड्ड्या सोडून निघून जायची. बोलता बोलता लसूण सोलून व्हायचा, आणि सोलणाऱ्यांना ते कळायचंसुद्धा नाही.

प्रज्ञा शनिवारी आली तेव्हा आपल्या बापाला चुलीपुढे पाहून दारातच थबकली. कॉलेजात नुकतंच शिकवलं होतं, ते ती उत्साहाने आजीला सांगू लागली. अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी एक विचार मांडलाय, त्याला वूमनिझम म्हणतात. आपल्यावर जातीचा भार, तसा त्यांच्यावर रंगाचा. त्या म्हणतात, आमची लढाई आमच्या पुरुषांना टाकून नाही. बाई उभी राहिली पाहिजे, पण तिच्याबरोबर तिची वस्ती, तिची पोरं, म्हातारे, बाप्ये, सगळ्यांचं भलं झालं पाहिजे. "आजी, हे तर तुझंच आहे!"

मायने शांतपणे ऐकून घेतलं. "कावं पोरी, त्यायच्याकडे बाप्ये रोडगे करतेत काय?"

"नाही गं आजी."

"मंग त्यायले भल्ला तरास गेला असन," माय कळवळून म्हणाली. "त्यायले सांग, चूल बाहेर काढा."

प्रज्ञाला तिच्यावर निबंध लिहायचा होता. माय म्हणाली, लिहिजो, पण तुह्या बापाले वाचाले देऊ नको.

दरम्यान गावात एक साथ आली. मनगटं मुरगळण्याची साथ. आधी शेजारची, मग तिच्या समोरची, मग पाटीलपुऱ्यातल्या दोघी. उपकेंद्रातल्या नर्सबाई चक्रावल्या. सूज नाही, लाली नाही, पण पट्ट्या संपत आल्या. त्या पट्ट्यांमागोमाग एकेक चूल अंगणात आली. बंजाऱ्यांच्या तांड्यावर माझ्या वर्गातल्या एका पोरीच्या घरी गेलो, तर तिथेही पुरुष बाहेर बसून भाकर उलटत होता आणि आतून तिची याडी, म्हणजे आई, त्याला सूचना देत होती. तिच्या हाताला पट्टी होती. ती सूचना देताना हात भरपूर हलवत होती.

मायला मात्र घोर होता. "बाहेर तं करते," ती म्हणायची. "पन आत?"

त्याचं उत्तर गारपिटीने दिलं. रंजनाचा दीड महिना संपत आला होता. दुपारी आभाळ एकदम काळं झालं, वारा सुटला आणि बोराएवढ्या गारा ताडताड पत्र्यावर आदळू लागल्या. प्रल्हादचा तवा तापलेला, एक भाकर त्याच्या हातावर थापलेली. चूल क्षणात विझली. मी माझ्या दारातून पाहत होतो. तो उठला, एका हातावर भाकर तोलून धरली, दुसऱ्या हाताने फडक्यात धरून तवा उचलला आणि मला ओरडून म्हणाला, "सर, शेगडी आना!" मी सिलिंडर ओढत आत नेला. त्याने शेगडी ओट्यावर मांडली, पेटवली, तवा ठेवला, भाकर टाकली. डबा उघडून मीठ घेतलं. भाजीला फोडणी दिली. आतल्या बाजेवरून रंजना उशीला टेकून त्याच्याकडे पाहत होती. तो आत होता. छपराखाली, बायकोच्या जागेवर उभा. आणि त्याला ते समजलंच नव्हतं.

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात मायने माझा दंड धरला. तिचे डोळे भरले होते, पण कुजबुजली ती असं: "चूप बसा, सर. बोललं का थो बाहेर पळन."

गारा थांबल्या. भाकरी संपल्या. प्रल्हादने सवयीने तवा टेकवला, हात पुसले आणि मग आजूबाजूला पाहिलं. माय घाईघाईने म्हणाली, "मीठ जास्त झालं आज." तो वैतागला, चाखून पाहिलं, आणि मिठावरून भांडायला लागला. म्हणजे सगळं ठीक होतं.

रंजना पूर्ण बरी झाली. चेहऱ्यावर रंग आला, पुढच्या वेचणीला ती पुन्हा सगळ्यांच्या पुढे होती. पुढे माझी बदली नगरला झाली आणि मी गाव सोडलं.

गेल्या हिवाळ्यात कामासाठी यवतमाळला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून गावात गेलो. माय दारातल्या बाजेवर बसली होती. आणखी वाळलेली, चष्म्याचा दोरा नवा. डाव्या हाताला पट्टी. मी माझ्या जुन्या खोलीकडे वळलो तेवढ्यात तिने माझी बॅग उघडून डब्याचं झाकण उचललं होतं.

प्रल्हादने आतल्या चुलीवर स्वयंपाक केला. हो, आतली चूल पुन्हा बांधली होती. तेवढ्यात रंजना वावरातून आली. पाय धुतले, माझी विचारपूस केली, आणि चुलीकडे न बघता, काय केलंय हेही न विचारता पाटावर बसून तिने ताटासाठी हात पुढे केला. मी मुद्दाम मायकडे पाहिलं. ती दुसरीकडेच पाहत होती, पण ओठ दाबून धरले होते. ताटं वाढली गेली. माय हात मांडीवर ठेवून बसून राहिली. प्रल्हाद "हो, हो, बसतो ना माय," म्हणत स्वतःचं ताट घेऊन तिच्या शेजारी बसला, तेव्हा तिने पहिला घास घेतला.

जेवण झाल्यावर पाहिलं तर पट्टी उजव्या हाताला होती.

प्रल्हाद गाडी काढायला गेला तसा मी हळूच विचारलं, "माय, हे काय?"

"रंजी बरी झाली ना," ती माझ्या कानाशी म्हणाली. "आता त्याले काही कारन पायजे का नाही? उद्या म्हनन, आता कोन बिमार हाय?" मग अडकित्ता उघडून डोळा मिचकावला. "त्याले नका सांगू. भोळा हाय माहा पोरगा."

फाट्यावर सोडायला प्रल्हाद मोटारसायकलवर निघाला. मी मागे बसलो. गाडी सुरू करता करता तो म्हणाला, "सर, मायची पट्टी पाहिली काय?"

मी बॅग मांडीवर सावरली.

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "पह्यल्यापासून मालूम हाय. राहू द्या. तिले वाट्टे मले समजत नाही. तिले तेवढंच बरं वाट्टे."

वळणावर मी मागे पाहिलं. माय दारात उभी राहून निरोपाचा हात हलवत होती, डोक्याच्या वर नेऊन, जोरजोरात. हात पट्टीचा होता. गाडीच्या आरशात ते प्रल्हादलाही दिसत असणार. त्याने बोट लावून आरसा जरासा बाहेर वळवला आणि गाडी फाट्याकडे सोडली.